तांबूस सुतार आणि मुंग्यांचे गोळे: भोक दिसले म्हणजे घरटे आहे, असे मानावे का?

घाटमाथा

सुतार पक्ष्याचे घरटे म्हटले की वाळलेले खोड, त्यावरचे गोल भोक आणि बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा एवढे आपल्या डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे गावाशेजारी सहज दिसणारा सोनपाठी सुतार या वर्णनात नेमका बसतो. तांबूस सुतार मात्र बसत नाही. झाडाच्या फांद्यांवर मुंग्यांनी बांधलेले जे काळपट तपकिरी गोळे असतात, त्यांपैकी मुंग्यांची वस्ती असलेला एखादा गोळा निवडून तो त्यातच आपले घरटे कोरतो आणि त्याच मुंग्या खाऊन जगतो. ही गोष्ट पक्षीनिरीक्षकांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे, पण प्रत्यक्ष रानात तिचा पाठपुरावा करू लागल्यावर एक अडचण उभी राहते, आणि या धाग्याचे प्रयोजन तीच आहे.

मी सिंधुदुर्गात, आंबोली घाटाच्या पायथ्याकडच्या निमसदाहरित जंगलात आणि त्याला लागून असलेल्या काजूच्या बागांत निरीक्षणे करतो. येथे भोके पडलेले गोळे पुष्कळ दिसतात. अनेक हौशी निरीक्षक असा गोळा दिसताच ‘तांबूस सुताराचे घरटे’ अशी नोंद करून मोकळे होतात. परंतु हा पक्षी या गोळ्यांकडे मुख्यतः अन्न म्हणून पाहतो. तो वर्षभर ते फोडतो, आतल्या मुंग्या, त्यांच्या अळ्या आणि कोष खातो आणि पुढच्या झाडावर जातो. म्हणून भोक पडलेल्या गोळ्यांपैकी बहुसंख्य गोळे जेवणाच्या जागा असतात आणि घरटी त्यामानाने फारच थोडी असतात. दोहोंतील फरक कसा ओळखावा, हा माझा प्रश्न आहे. माझ्यापुरते त्याचे जे उत्तर मी काढले आहे, ते तपासणीसाठी येथे मांडतो.

खाण्यासाठी फोडलेला गोळा ओबडधोबड दिसतो. पक्षी त्याला बाहेरून, बहुधा जिथे बसायला आधार मिळेल त्या बाजूने, उचकतो. त्यामुळे वरचे पापुद्रे निघालेले असतात, खड्डा उथळ असतो आणि त्याला निश्चित कडा नसते. घरट्याचे भोक गोल असते, कडा रेखीव असते आणि ते गोळ्याच्या बाजूला असते. पण नुसत्या आकारावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण मुंग्या तुटलेला भाग पुन्हा बांधून काढतात, आणि अर्धवट बुजलेला जुना खड्डा कधी कधी फसव्या रीतीने गोल दिसतो. त्यापेक्षा पक्ष्याचे वागणे अधिक विश्वासार्ह आहे. खायला आलेला पक्षी गोळ्याच्या बाहेर राहतो, डोके आत-बाहेर करतो आणि सतत चाळवाचाळव करतो. घरट्यावर आलेला पक्षी भोकाशी क्षणभर थांबून सबंध शरीराने आत शिरतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. अंडी उबवण्याच्या काळात नर आणि मादी यांची पाळी बदलताना दिसली, म्हणजे एक आला आणि दुसरा लगेच बाहेर पडला, तर शंका उरत नाही. माझ्या मते ही अदलाबदल पाहिल्याशिवाय घरट्याची नोंद करूच नये.

या पक्ष्याची वीण फेब्रुवारी ते जून या कोरड्या काळात होते. अंडी साधारण दोन, कधी तीन, पांढरी आणि पातळ कवचाची असतात; उबवण्याचा काळ बारा ते चौदा दिवसांचा सांगितला जातो. एवढ्या छोट्या काळात अदलाबदल टिपायची असेल तर आधीपासून गोळे हेरून ठेवणे आणि पक्ष्याचे ठोके ओळखणे उपयोगी पडते. याचे ठोके इतर सुतारांप्रमाणे एकसारख्या गतीचे नसतात. ते वेगाने सुरू होतात आणि बंद पडत चाललेल्या मोटारसायकलच्या इंजिनाप्रमाणे मंदावत थांबतात. एकदा ऐकल्यावर चूक होत नाही.

नवी दुर्बीण

लेखन अतिशय उपयुक्त आहे. एक मूलभूत शंका आहे. मुंग्या अंडी आणि पिल्ले खात कशा नाहीत? आमच्या अंगणात पडलेल्या चिमणीच्या पिल्लाला मुंग्यांनी तासाभरात झाकून टाकलेले मी पाहिले आहे. आणि मुंग्या फवारतात त्या फॉर्मिक आम्लाचा त्रास पिल्लांच्या उघड्या कातडीला होत नसेल का?

मुंगीमित्र

शंका रास्त आहे, परंतु फॉर्मिक आम्लाचा मुद्दा येथे लागू होत नाही. हे गोळे बांधणाऱ्या मुंग्या क्रेमॅटोगॅस्टर या प्रजातीच्या असतात आणि त्या मायर्मिसिनी या उपकुळात मोडतात. फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या मुंग्या फॉर्मिसिनी या वेगळ्या उपकुळातल्या. आपल्याकडच्या, पाने एकमेकांना जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबील मुंग्या त्यांपैकी होत. क्रेमॅटोगॅस्टरची बचावाची पद्धत निराळी आहे. तिचे पोट हृदयाच्या आकाराचे असते आणि कंबरेशी ते अशा रीतीने जोडलेले असते की डिवचल्यावर ती ते पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने उचलू शकते. तिची नांगी टोकदार नसून चपटी, पळीच्या आकाराची असते; ती टोचत नाही, तर तिच्या टोकाशी आलेला विषारी द्रव शत्रूच्या अंगाला पुसते. समोर दुसरी मुंगी असेल तर हे हत्यार फार प्रभावी ठरते. पिसांनी झाकलेल्या पक्ष्यावर त्याचा परिणाम मर्यादित असणार, हे उघड आहे.

गोळ्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण पक्ष्याच्या दृष्टीने त्याची रचना महत्त्वाची आहे. चघळलेल्या वनस्पतींच्या तंतूंपासून या मुंग्या पुठ्ठ्यासारखा पदार्थ तयार करतात आणि त्याचे पापुद्रे एकावर एक, खालच्या बाजूला झुकते ठेवून रचतात. त्यामुळे पावसाचे पाणी आत न मुरता निथळून जाते, आणि याच रचनेमुळे त्यांना पॅगोडा मुंग्या हे नाव मिळाले आहे. आत दालनांचे जाळे असते. सुताराला लाकडापेक्षा हे कोरणे कितीतरी सोपे जाते. ज्या पक्ष्याची चोच कठीण लाकूड फोडण्यापेक्षा मुंग्या उकरण्यासाठी अधिक वापरली जाते, त्याला अशी जागा सोयीची वाटावी यात आश्चर्य नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पिल्लांचा बचाव नेमका कशामुळे होतो, याविषयी मला पटणारे स्पष्टीकरण गंधाचे आहे. मुंग्या आप्त आणि परका यांतील भेद प्रामुख्याने शरीरावरील रसायनांच्या वासाने ओळखतात. या सुताराच्या डोक्याच्या, छातीच्या आणि शेपटीच्या पिसांना गडद, चिकट आणि उग्र वासाचा थर लागलेला असतो, आणि शेपटीच्या पिसांत मुंग्यांची तुटलेली डोकी अडकलेली असतात, असे जुन्या इंग्रज निरीक्षकांनी हातात घेतलेल्या पक्ष्यांवरून लिहून ठेवले आहे. सतत त्याच गोळ्यात ये-जा करणाऱ्या पक्ष्याच्या अंगाला गोळ्याचाच वास येत असेल, तर मुंग्यांचा प्रतिकार सौम्य होणे शक्य आहे. हा माझा तर्क आहे, एवढे लक्षात घेऊन वाचावे.

छायाचित्री

या विषयावर उत्तम चित्रे फारशी उपलब्ध नाहीत. भोकात नळीचा छोटा कॅमेरा घालून पाहिल्यास मुंग्यांचे वर्तन, अंड्यांची संख्या आणि पिल्लांची वाढ या सर्वच प्रश्नांची उत्तरे मिळतील. नळ तपासण्यासाठी मिळणारे कॅमेरे आता फार महाग नाहीत. शिडी लावून दिवसातून एकदा पाहिले तर पक्ष्याला विशेष त्रास होईल असे वाटत नाही.

घाटमाथा

या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो सविस्तर नोंदवतो. लाकडातील ढोलीत कॅमेरा घातल्याने निदान ढोलीचे नुकसान होत नाही. हा गोळा मात्र ठिसूळ असतो. शिडी टेकली, फांदी हलली किंवा भोकाची कडा तुटली की हजारो मुंग्या बाहेर पडून पृष्ठभागावर पसरतात, आणि तेवढा वेळ पक्षी आत जाऊ शकत नाही. अंडी उबवण्याच्या काळात किंवा पिल्ले उघडी असताना हा खोळंबा घातक ठरू शकतो. सुतारांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा आंधळी आणि पूर्णपणे पिसांविना असतात. त्यांना आई-बापांची ऊब अनेक दिवस लागते.

दुसरे म्हणजे कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटे विचलित करणे याचाही समावेश आहे. अभ्यासासाठी असे काम करायचे असेल तर ते वनविभागाच्या रीतसर परवानगीने आणि प्रशिक्षित माणसांकडूनच व्हावे. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याबद्दलही मी हेच म्हणेन.

आत डोकावल्याशिवाय काही कळत नाही, हे गृहीतच मला मान्य नाही. ढोलीच्या तोंडाशी जे घडते त्यावरून आतली अवस्था पुष्कळ अंशी वाचता येते. पक्षी चोचीत किंवा तोंडाने ढकलून कचरा बाहेर टाकत असेल तर कोरणे चालू आहे. तो आत दीर्घकाळ शांत बसत असेल आणि जोडीदार आल्यावरच बाहेर येत असेल तर अंडी आहेत. मुक्काम कमी होऊन फेऱ्या वाढल्या तर पिल्ले बाहेर आली आहेत. पुढे पिल्लांची कुरकुर बाहेर ऐकू येऊ लागते आणि शेवटच्या टप्प्यात त्यांची तोंडे भोकाशी दिसतात. यासाठी दुर्बीण, दूरची बैठक आणि घड्याळ एवढे पुरते. छायाचित्रेही त्या अंतरावरून मोठ्या भिंगाने घेता येतील. फक्त घरट्यासमोरची एकही फांदी छाटू नये, कारण तो पडदा कावळ्यांपासूनही घरटे लपवत असतो.

सत्तरीकर

आमच्याकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात म्हादईच्या खोऱ्यात हा पक्षी चांगला दिसतो. अदलाबदल पाहिल्याशिवाय नोंद करू नये, हा नियम मला योग्य वाटतो, पण त्यात एक व्यावहारिक पेच आहे. नर आणि मादी ओळखायची कशी? नराच्या डोळ्याखाली लाल पिसांचा छोटा पट्टा असतो, मादीला तो नसतो. याखेरीज दोघे सारखेच तांबूस आणि काळ्या रेघांचे. दाट पानोळ्याखाली, पक्ष्यामागून उजेड येत असताना तो पट्टा काळाच दिसतो. सोनपाठी सुतारात ही अडचण येत नाही, कारण नराचे कपाळ आणि तुरा दोन्ही लाल असतात, तर मादीचे कपाळ काळे आणि त्यावर पांढरे ठिपके असतात. या पक्ष्यात केवळ मादीच पिल्लांना भरवते असे एका जुन्या निरीक्षकाने लिहिले होते आणि पुढे ते खोडले गेले. दोघेही भरवतात हे आता मान्य आहे. मला शंका आहे की त्या मूळ निरीक्षणामागे हा न दिसणारा लाल पट्टाच असावा.

म्हणून माझी सूचना अशी की ओळख पटवण्यासाठी संध्याकाळचा वेळ राखून ठेवावा. सुतार कुळातील बहुतेक जातींमध्ये रात्री अंड्यांवर नर बसतो आणि ढोली कोरण्याचे कामही बहुधा नरच अधिक करतो. दिवस मावळताना शेवटचा आत जाणारा पक्षी कोणता, हे तिरप्या उन्हात पाहता आले तर लाल पट्टा स्पष्ट दिसतो आणि पुढच्या नोंदींना आधार मिळतो. पश्चिमेकडे उघडणारे भोक मिळाले तर उत्तमच, पण ते आपल्या हातात नाही.

आणखी एक गोष्ट. पिल्लांना भरवताना चोचीत भक्ष्य दिसेल अशी अपेक्षा ठेवून बसू नये. युरोपातला मोठा ठिपकेदार सुतार चोचीत अळ्या धरून आणतो आणि त्या दुरूनही दिसतात. त्याच भागातला मुंग्या खाणारा हिरवा सुतार मात्र अन्न घशात साठवून आणतो आणि पिल्लांच्या तोंडात ओकतो. मुंग्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला चोचीत धरून आणण्याचा मार्ग सोयीचा नाही, कारण एकेक मुंगी चोचीत धरून किती फेऱ्या मारणार? आमच्या तांबूस सुताराचीही चोच घरट्यावर येताना रिकामीच दिसते. रिकामी चोच पाहून ‘भरवणे सुरू झालेले नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या नोंदी मी वाचल्या आहेत.

बागाईत

मी पक्षीअभ्यासक नाही. काजू आणि आंबा आहे. आपण ज्यांना गोळे म्हणता ते काढणीच्या हंगामाआधी जाळून किंवा काठीने पाडून टाकण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास आहे, कारण झाडावर चढणाऱ्या माणसाला मुंग्या हैराण करतात. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे हाच असतो. म्हणजे आपण सांगितलेला विणीचा काळ आणि आमची साफसफाई एकाच वेळी येते. हा मुद्दा धाग्यात कोणी मांडला नाही म्हणून लिहीत आहे. कोणता गोळा ठेवावा हे आम्हांला कसे कळावे?

घाटमाथा

बागाईत, हा मुद्दा माझ्या मूळ प्रश्नापेक्षाही मोलाचा आहे. आपल्यासाठी सोपा निकष असा: ज्या गोळ्याच्या बाजूला रेखीव गोल भोक आहे, तो वीण संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, पाडू नये. त्यांतले काही खाण्यासाठी फोडलेलेच निघतील, पण आपल्याला शास्त्रीय नोंद करायची नाही, घरटे वाचवायचे आहे, त्यामुळे चूक त्या बाजूने झालेली चालेल. गोळे काढायचेच असतील तर ते पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये काढावेत. तेव्हा वीण नसते. आणि ओंबील मुंग्यांची पानांची घरटी त्यासोबत सरसकट काढू नयेत, कारण काजूचा मोहर सुकवणाऱ्या ढेकण्या या किडीवर त्या चांगला वचक ठेवतात.

पाइनवनातून

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहतो. येथल्या लांब सुयांच्या पाइन जंगलात रेड-कॉकेडेड नावाचा सुतार आहे, आणि घरट्याच्या संरक्षणासाठी जागा कशी उपयोगी पडते, याचे त्याच्याइतके लख्ख उदाहरण मी पाहिलेले नाही. बहुतेक सुतार मेलेले किंवा कुजके लाकूड निवडतात. हा पक्षी जिवंत आणि जुन्या पाइन वृक्षातच ढोली कोरतो. बाहेरच्या ओल्या लाकडातून सतत चीक येत असल्याने एक ढोली पूर्ण व्हायला कित्येकदा काही वर्षे लागतात. आतला गाभा बुरशीने मऊ झालेला असेल तर काम सोपे होते. येथील संशोधकांनी २०१६ मध्ये असेही दाखवले की हे पक्षी स्वतःच्या अंगावरून अशा बुरशीचा प्रसार करतात.

ढोली तयार झाल्यावर पक्षी तिच्या भोवती लहान लहान छिद्रे पाडून ती वाहती ठेवतो. खोडावरून उतरलेल्या चिकाच्या थरामुळे झाडावर चढण्यात पटाईत असलेल्या रॅट स्नेक जातीच्या सापाला वर जाता येत नाही. तुमच्याकडे मुंग्या घरट्याच्या राखणीचे जे काम करत असतील असे आपण समजतो, ते येथे चीक करतो. फरक एवढाच की येथे ते पुराव्यानिशी सिद्ध झाले आहे.

ढोलीला एवढे श्रम लागत असल्याने ढोल्या गेल्या की पक्षी जातो. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने साउथ कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात ढोल्यांची बहुसंख्य झाडे मोडली. तेव्हा उरलेल्या झाडांच्या खोडात लाकडी पेट्या बसवून कृत्रिम ढोल्या दिल्या गेल्या आणि पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या. २०२४ मध्ये या जातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’ वरून एक पायरी खाली आणला गेला. तांबूस सुताराला पेटी देऊन भागणार नाही, कारण त्याला मुंग्यांची वस्ती असलेला गोळा लागतो. त्यामुळे बागाईत यांनी मांडलेला प्रश्न वरवर वाटतो त्याहून गंभीर असावा.

मुंगीमित्र

तुलना चांगली आहे, पण एक भेद नोंदवतो. चिकाचा पडदा पक्षी स्वतः निर्माण करतो आणि राखतो. मुंग्यांचा पहारा पक्ष्यासाठी चाललेला नसतो. त्या आपले घर राखतात आणि पक्षी त्या घरात शिरून त्यांनाच खातो. म्हणून याला सहजीवन म्हणण्याचा मोह टाळावा. मुंग्यांना यातून काही मिळते असे मला तरी दिसत नाही.

जाता जाता वर्गीकरणाचा एक दुवा देतो. दक्षिण अमेरिकेत सिलियस नावाच्या प्रजातीतले सुतार आहेत. तेही तांबूस असतात, मुंग्या खातात आणि त्यांतले काही झाडावरच्या मुंग्यांच्या किंवा वाळवीच्या घरांत वीण घालतात. या साम्यामुळे आपला तांबूस सुतार अनेक वर्षे सिलियसमध्येच गणला जात होता. डीएनएच्या अभ्यासात मात्र तो आशियातल्या मेग्लिप्टीस प्रजातीला जवळचा निघाला, आणि त्याला पुन्हा मायक्रोप्टर्नस हे स्वतंत्र नाव मिळाले. एकाच प्रकारच्या अन्नामुळे दोन खंडांत एकच युक्ती स्वतंत्रपणे रुजली, असा याचा अर्थ होतो.

नवी दुर्बीण

सर्वांचे आभार. आमच्या गावाजवळच्या जांभळाच्या झाडावर असा एक गोळा आहे आणि भोक गोल आहे. नोंद नेमकी कशी ठेवू?

घाटमाथा

झाडाची जात, गोळ्याची जमिनीपासून अंदाजे उंची, भोकाची दिशा आणि गोळ्यावर मुंग्यांची हालचाल आहे की नाही, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी लिहाव्यात. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. नंतर प्रत्येक बैठकीत पक्षी कधी आत गेला, कधी बाहेर आला आणि त्या वेळी दुसरा पक्षी हजर होता का, एवढेच वेळेसह लिहावे. अर्थ लावण्याची घाई करू नये. काहीच घडले नाही तरी बैठकीची सुरुवात आणि शेवट नोंदवावा, कारण तीन तास कोणीही न आल्याची नोंद ही ‘जेवणाची जागा’ या बाजूचा पुरावा असते. पक्षी भोकाजवळ येऊन आत न जाता तुमच्याकडे पाहत ओरडू लागला, तर आपण फार जवळ बसलो आहोत असे समजून मागे सरकावे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना विणीचा संकेत अदलाबदल दिसल्यानंतरच वापरावा, आणि गावाचे नाव दिले तरी झाडाचा नेमका ठिकाणा सार्वजनिक करू नये. जांभूळ एप्रिल-मे महिन्यांत फळाला येते, तेव्हा झाडाखाली मुलांची आणि माकडांची वर्दळ असेल. त्यामुळे सकाळी लवकर बसणे बरे.